सिटी म्हणते भोंगे बंद होणार: कितपत खरं मानायचं?

मुक्ता_टेक्सास

नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या वर्षी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका गावात घर घेतलं. गावाचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, त्यात मराठी माणसं अगदीच थोडी. मागच्या अंगणापलीकडे ओढा, त्यापलीकडे मालगाडीचा एकेरी रूळ आणि दोन्ही हातांना एकेक फाटक. दिवसा जाणवत नाही. रात्री दीड-दोनच्या सुमाराला गाडी येते तेव्हा आधी एका फाटकासाठी भोंगा, तो संपतो न संपतो तोच दुसऱ्यासाठी. लांब, लांब, आखूड, लांब. घरात सगळ्यांना पाठ झालंय.

पण तक्रार भोंग्याची नाही. तो असणार हे घर घेताना ठाऊक होतं. तक्रार आहे ती सिटीकडून मिळणाऱ्या माहितीची. वसंतात दारावर पत्रक आलं: तुमच्या भागात 'क्वाएट झोन' होतोय, रेल्वेच्या आवाजाचा त्रास संपेल. मग नागरिकांच्या बैठकीत एक अधिकारी म्हणाले, भोंगा वाजवायचा की नाही हे रेल्वे कंपनी ठरवते, आमच्या हातात काही नाही. त्याच बैठकीत दुसऱ्या बाई म्हणाल्या, काम झालंच आहे, उन्हाळ्यात भोंगे बंद. मी विचारलं, फक्त रात्री की चोवीस तास? तर म्हणे आम्ही कळवू. आवाज किती ते विचारलं तर पडद्यावर एक तक्ता दाखवला, 'सरासरी पातळी मर्यादेत'.

आता शेजारणीने घर विकायला काढलंय आणि जाहिरातीत चक्क 'क्वाएट झोनमधलं घर' असं लिहिलंय. झोन झाला की नाही हे कुणालाच माहीत नाही, पण किमतीत धरलासुद्धा!

तर यातलं खरं काय, आणि स्थानिक अधिकारी असं काही सांगतात तेव्हा तुम्ही पडताळणी कशी करता? अमेरिकेतलेच नव्हे, कुठलेही अनुभव चालतील.

चौथा_डबा

अमेरिकेतही 'आम्ही कळवू' आहे हे वाचून जीव थंडावला. वाचतोय.

मध्यरेषा

मुक्ताताई, मी दुसऱ्या राज्यात एका काउंटीच्या वाहतूक विभागात काम करतो. अशा प्रकल्पांचे कागद हाताखालून गेलेत. तुम्ही दिलेली तिन्ही विधानं अर्धवट आहेत, आणि त्यातलं एक साफ चूक आहे.

आधी चूक कुठली ते सांगतो. भोंगा ही रेल्वे कंपनीची मर्जी नाही. एफआरएचा, म्हणजे फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा नियम आहे, 24 जून 2005 पासून लागू. सार्वजनिक फाटकाआधी किमान 15 आणि जास्तीत जास्त 20 सेकंद, तुम्ही लिहिलंय त्याच क्रमाने, इंजिन फाटकात शिरेपर्यंत वाजवायचा. इंजिनापुढे 100 फुटांवर तो कमीत कमी 96 आणि जास्तीत जास्त 110 डेसिबल भरायला हवा. चालकाला यात फारसं स्वातंत्र्य नाही. आणि झोन करण्याचा अधिकार आहे तो रस्ता ज्यांच्या ताब्यात त्या स्थानिक संस्थेला. म्हणजे तुमच्या सिटीलाच! रेल्वेला कळवावं लागतं, तिचं म्हणणं ऐकावं लागतं, पण तिला नकाराधिकार नाही. 'आमच्या हातात काही नाही' म्हणणाऱ्या गृहस्थांना हे ठाऊक नसेल तर कठीण आहे, ठाऊक असेल तर आणखी कठीण.

आता पत्रक. झोनमध्ये नेहमीचा, सक्तीचा भोंगा थांबतो. रुळावर माणूस, मोटार, जनावर दिसलं तर चालक वाजवणार, रुळांवर कामगार असले तरी वाजवणार. फाटकाची घंटा वाजत राहते. इंजिनाची घरघर, रिकाम्या वाघिणींचा खडखडाट, वळणावर चाकांचं किंचाळणं, यातलं काहीही कमी होत नाही. त्यामुळे 'आवाजाचा त्रास संपेल' हे वाक्य कुठल्याही इंजिनिअरने लिहिलेलं नाही, हे मी पैजेवर सांगतो. जनसंपर्कवाल्यांनी पान भरायला लिहिलं असणार.

'काम झालंच आहे' हे खरं असू शकतं. काम म्हणजे रस्त्यावर मध्ये दुभाजक घालणं, किंवा चारही बाजूंनी पडणारे दांडे बसवणं, म्हणजे कुणी नागमोडी गाडी घालून फाटक ओलांडू नये. पण काँक्रीट वाळलं म्हणून भोंगा थांबत नाही, कागद गेल्यावर थांबतो. आधी इराद्याची नोटीस, तिच्यावर रेल्वे आणि राज्याच्या खात्यांना अभिप्रायाला 60 दिवस. मग स्थापनेची नोटीस, आणि ती धाडल्यावर किमान 21 दिवसांनी झोन सुरू. यातली कुठली नोटीस कुठल्या तारखेला गेली, एवढंच लेखी विचारा. रात्रीचाच झोन असेल तर तो 10 ते 7 असतो, नाहीतर चोवीस तास. हे त्या नोटिशीतच लिहावं लागतं, त्यामुळे 'कळवू' म्हणायला जागा नाही.

आणि एक: दोन्ही फाटकं झोनमध्ये आहेत का, ते बघा. झोनबाहेरच्या फाटकासाठी गाडी झोनमध्ये असतानाही भोंगा वाजतो. ताशी 60 मैलांवर 15 सेकंद म्हणजे बरोबर पाव मैल.

कोथरूडचा_बाप्या

भोंगे सरसकट बंदच का करत नाहीत? फाटक आहे, दिवे आहेत, घंटा आहे. एवढं असून जो आत घुसेल तो त्याच्या कर्माने.

मध्यरेषा

बाप्या, हे करून झालंय. फ्लोरिडात 1984 पासून पूर्व किनाऱ्याच्या एका मार्गावर गावांनी रात्रीचे भोंगे बंद केले होते. फाटकं, दिवे सगळं जागेवर होतं. त्या फाटकांवर रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झाले. 1991 मध्ये एफआरएने आणीबाणीचा आदेश काढून भोंगे परत सुरू करायला लावले. आजच्या नियमातला दुभाजक-दांड्यांचा आग्रह त्या अनुभवातून आलाय. भोंग्याने जो धोका टळत होता तो दुसऱ्या कशाने तरी टाळून दाखवा, मग भोंगा काढा.

भुसावळ_शेड

मी निवृत्त लोको पायलट. मुलगा हे संकेतस्थळ वाचतो, त्याने दाखवलं. इंजिनातून हे कसं दिसतं तेवढं लिहितो.

आपल्याकडे फाटकाच्या अलीकडे 600 मीटरवर पिवळी पाटी असते, 'सी/फा', म्हणजे सीटी, फाटक. ती दिसली की एक लांब शिट्टी. वर्षानुवर्षं केल्यावर पाटी दिसायच्या आधी हात जातो, रस्ता पाठ असतो. लोकांना वाटतं ड्रायव्हरला रात्री मजा वाटते. अहो, आम्हाला दिसतात खिडकीतले दिवे लागलेले. वरणगावच्या पुढे एका घरातला दिवा आमच्या शिट्टीनंतर नेहमी लागायचा. तान्हं मूल असावं. सहायकाला म्हणायचो, बघ, आपण उठवलं. पण थंडीत धुकं असताना बैलगाडी रुळावर निम्मी येऊन थांबलेली बघितली की तो दिवा डोक्यातून जातो. ब्रॉडगेजवरची बिनरखवालीची फाटकं जानेवारी 2019 पर्यंत संपली. त्याआधी शिट्टीशिवाय आमच्याकडे होतं काय?

आता माहितीबद्दल. एका गावात लोकांनी अर्ज केला तर त्यांना वरून उत्तर मिळालं की 'रात्री हळू शिट्टी वाजवण्याच्या सूचना चालकांना देण्यात आल्या आहेत'. सरपंचाने ते उत्तर मला स्टेशनवर दाखवलं. आम्हाला अशी सूचना कधी आलीच नव्हती. येणार कशी? शिट्टीला दोन सूर असतात, एक जाड, एक बारीक. दोन्ही गाव उठवतात.

दिवा_फास्ट

काकांना साष्टांग नमस्कार. 'दोन्ही गाव उठवतात' हे फ्रेम करून लावतो.

अवांतर: आमच्या दिव्याच्या फाटकाला क्वाएट झोन केलात तर ट्रेन गप्प बसेल, पण अडकलेल्या रिक्षावाल्यांचं काय?

ऱ्हाइनकाठी

मुक्ता, त्या 'सरासरी पातळी मर्यादेत' वाल्या तक्त्याबद्दल लिहिते, कारण तो प्रकार मी जर्मनीत पोटभर बघितलाय. कोब्लेन्झच्या जवळ राहते. नदीच्या दोन्ही काठांनी रूळ, दरी अरुंद, आणि रात्रभर मालगाड्या. इथे भोंग्याचा प्रश्न नाही, चाकांचा आहे. जुन्या वाघिणींना ओतीव लोखंडाचे ब्रेक असत. ते चाकाचा पृष्ठभाग खरबरीत करतात आणि खरबरीत चाक रुळावर गर्जना करतं. डिसेंबर 2020 पासून अशा वाघिणींना इथे बंदी आहे, स्वित्झर्लंडने वर्षभर आधी केली. फरक खरंच पडला. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांनाच कळेल किती.

पण माहितीचा भाग असा. नगरपालिकेच्या सभेत जो रंगीत नकाशा लावतात तो मोजलेल्या आवाजाचा नसतो, गणिताने काढलेला असतो: किती गाड्या, किती वेग, कुठले डबे, उतार, भिंती. युरोपीय नियमाने दर 5 वर्षांनी करतात. गणित वाईट नाही, उलट बऱ्याचदा एका रात्रीच्या मोजणीपेक्षा बरं. पण सभेत उभा राहिलेला माणूस सांगतो, 'तुमच्या घरापाशी इतके डेसिबल आहेत', जणू मीटर घेऊन काल रात्री अंगणात बसला होता. मी एकदा विचारलं, मीटर कुठे लावला होता? शांतता पसरली, मग मागच्या रांगेतून हशा.

आणखी गंमत म्हणजे, इथे कायद्यात रेल्वेला 5 डेसिबलची सूट होती, रेल्वेचा आवाज रस्त्यापेक्षा कमी त्रासदायक वाटतो या गृहीतकावर. नव्या कामांसाठी ती 2015 पासून काढली. त्याआधीच्या सभांत दाखवलेल्या आकड्यांतून ते 5 आधीच वजा झालेले असत आणि फार थोडे अधिकारी ते आपणहून सांगत. खोटं कुणी बोलत नव्हतं हो. फक्त विचारल्याशिवाय बोलत नव्हते.

आकडेमोड

सरासरी म्हणजे काय ते एकदा कागदावर मांडतो. समजा मुक्ता यांच्या अंगणात भोंगा 90 डेसिबल ऐकू येतो, रात्रीत चार वेळा, दर वेळी 20 सेकंद. बाकी सगळी रात्र आणि दिवस निवांत. चोवीस तासांची सरासरी काढली तर ती येते साधारण 60 डेसिबल. साध्या बोलण्याइतकी! रात्रीच्या आवाजाला 10 डेसिबल जादा धरायची पद्धत लावली (अमेरिकेत धरतात, रात्री 10 ते सकाळी 7) तर 70 च्या आसपास. तिथल्या गृहनिर्माण खात्याची निवासी जागेसाठी स्वीकारार्ह मर्यादा याच पद्धतीने 65 आहे. म्हणजे कुठली सरासरी धरली यावर तेच अंगण मर्यादेत बसतं किंवा बाहेर जातं. तक्त्यावर कुठली होती?

90 का धरले: 100 फुटांवर 110 असेल तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 कमी. 200 ला 104, 400 ला 98, 800 ला 92. मध्ये घरं-झाडं आली तर आणखी कमी. भोंगा किमान आवाजाचा असेल तर या सगळ्यातून 14 वजा करा.

ओसाकाहून_मंदार

जपानमध्ये शिन्कान्सेनसाठी हा घोळ 1975 सालीच टाळलाय. तिथे दिवसभराची सरासरी नाही. लागोपाठ 20 गाड्या जाताना प्रत्येकीचा कमाल आवाज टिपायचा, त्यातल्या वरच्या निम्म्या गाड्यांवरून आकडा काढायचा. निवासी भागात 70 च्या आत. याच्या आदल्या वर्षी नागोयाच्या रहिवाशांनी रेल्वेवर खटला भरला होता, हे आपसूक घडलेलं नाही. मर्यादा सगळीकडे पाळली जाते असं मात्र नाही.

पुणेरी_पाटी

रूळ आधी होते. घर नंतर झालं. विषय संपला.

चौथा_डबा

@पुणेरी_पाटी, धागा न वाचता प्रतिसाद देण्याचं काही पारितोषिक असतं का? ताईंनी दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय की तक्रार भोंग्याची नाही.

पुणेरी_पाटी

वाचलाय. तरीही म्हणणं तेच. सिटीने काहीही सांगितलं तरी रुळाशेजारी घर घेणाऱ्याने आवाज गृहीत धरावा. पत्रकावर विसंबून घर घेणारा आणि ज्योतिषावर विसंबून लग्न करणारा, दोघांबद्दल मला सारखंच वाटतं.

लोणंदची_लेक

पाटीसाहेब, सगळ्यांना पर्याय असतात असं धरून चालू नका. माझं माहेर स्टेशनला लागून. पुणे-मिरज लाइन. रात्रीची एक्स्प्रेस गेली की आजी कूस बदलायची, ते तिचं घड्याळ. लग्नानंतर शांत गल्लीत गेले तर पहिले काही दिवस झोप लागेना. सवय हा प्रकार आहेच. पण सवय होईल असं अधिकाऱ्याने सांगणं वेगळं आणि आवाज होणारच नाही असं सांगणं वेगळं. पहिल्यात निदान खरेपणा आहे.

दिवा_फास्ट

@लोणंद, खरंय. मलाही घरी गेल्यावर 'पुढील स्थानक' ऐकू आल्याशिवाय डोळा लागत नाही.

ठाणे_पूर्वेचा

आमचा अनुभव, थोडा लांब आहे.

आमच्या सोसायटीमागे रात्री रुळांची देखभाल चालते. यंत्रं, जनरेटर, भोंगे, हाकाटी. रात्रीचीच वेळ मिळते हे मान्य, दिवसा लोकल बंद ठेवून कोण काम करू देईल? आम्हाला फक्त आधी कळायला हवं होतं: कुठल्या रात्री, किती वाजेपर्यंत. एका कार्यालयात गेलो, ते म्हणाले हा रेल्वेचा विषय. रेल्वेच्या एका कार्यालयात गेलो, ते म्हणाले आवाजाची तक्रार पोलिसांकडे. पोलीस म्हणाले, रेल्वेच्या हद्दीत आम्ही कसं जाणार. प्रत्येक जण बोलायला अगदी सज्जन, चहाही मिळाला.

मग सोसायटीतल्या एका आजोबांनी माहिती अधिकारात अर्ज टाकला. एकच गोष्ट विचारली: आमच्या भागातल्या आवाजाची शेवटची मोजणी कधी झाली आणि नोंद काय. उत्तर आलं, 'माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही'. आजोबा भलतेच खूश! म्हणाले, आता पुढच्या बैठकीत कुणी 'आवाज मर्यादेत आहे' म्हणालं की हा कागद पुढे करायचा. मोजलंच नाही तर मर्यादेत कसा? आणि खरंच केला. त्यानंतर निदान ते वाक्य कुणी उच्चारलं नाही. कामाच्या रात्रींची सूचनाही आता फाटकाशी चिकटवतात, बहुतेक वेळा.

संदर्भासाठी: आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, रात्र म्हणजे 10 ते 6. मुंबईत रुळाशेजारी 45 डेसिबलची रात्र कुणाला सापडली तर पत्ता द्या, सगळी सोसायटी स्थलांतर करू.

कोथरूडचा_बाप्या

मेट्रोच्या वेळी हेच झालं ना? मुंबईत मेट्रो-3 चं भुयार खणताना दक्षिण मुंबईतल्या लोकांना कोर्टात जावं लागलं, रात्रीच्या कामावर उच्च न्यायालयाने मनाई आणली होती. पुढे उठवली.

मध्यरेषा

उठवली, पण अटी घातल्या. बांधकामाचा आवाज आणि धावत्या गाडीचा आवाज हे दोन वेगळे विषय आहेत मात्र, धागा तिकडे वळला तर मुक्ताताईंचं राहून जाईल.

मला अधिकाऱ्यांच्या बाजूने थोडं बोलायचंय, कारण मी त्यातलाच. सभेत माणूस विचारतो, 'भोंगा बंद होणार का, हो की नाही?' खरं उत्तर असतं: बहुतांशी हो, अमुक फाटकांवर, अमुक तारखेनंतर, आणीबाणी सोडून, आणि शेजारच्या फाटकाचं सांगता येत नाही. एवढं बोलेपर्यंत मागून ओरडा होतो, 'सरळ सांगा!' मग कुणीतरी सरळ सांगतं. तेच पत्रकात जातं. नगरसेवकाला निवडणुकीआधी छापायचं असतं. आम्ही मसुद्यात 'नेहमीचे भोंगे' असं लिहून पाठवलं होतं, छापून आलं 'भोंगे'. एक विशेषण जागा अडवत होतं म्हणे.

ठाणे_पूर्वेचा

विशेषण गेलं ते कळतं. पण ज्यांनी 'आमच्या हातात काही नाही' म्हटलं त्यांचं कुठलं विशेषण छपाईत गळलं? ते तर तोंडी बोलले. हा जबाबदारी झटकण्याचा सरळ प्रकार आहे, त्याला गडबडीचं नाव देऊ नका.

मध्यरेषा

ते मान्य. त्याचा बचाव मी करत नाही.

भुसावळ_शेड

मध्यरेषा यांना एक विचारतो. झोन झाला आणि ड्रायव्हरने सवयीने वाजवला तर? त्याच्यावर कारवाई होते का? आणि त्याला रात्री अंधारात कळतं कसं की इथे वाजवायचं नाही?

मध्यरेषा

काका, चालकाला कंपनीच्या वेळापत्रकात आणि आदेशांत मिळतं, कुठल्या मैलापासून कुठल्या मैलापर्यंत. गाडीला धोका दिसला तर वाजवण्याची मुभा त्याच्याकडेच, त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत भोंगे ऐकू येतात, लोक सिटीला फोन करतात, सिटी कंपनीला कळवते, हळूहळू बसतं. रस्त्याच्या बाजूने मात्र पाटी लावणं सक्तीचं आहे: या फाटकावर गाडी भोंगा देत नाही. मोटारवाल्यांसाठी. ती पाटी लागली का, हे मुक्ताताईंना घराबाहेर पडून बघता येईल. झोन सुरू झाल्याची तीच सगळ्यात स्वस्त खूण.

आणि फाटकाच्या खांबावर एक निळी पाटी असते, आणीबाणीचा फोन नंबर आणि खाली सहा अंक व एक अक्षर. तो त्या फाटकाचा राष्ट्रीय क्रमांक. एफआरएच्या संकेतस्थळावर तो टाकला की फाटकाची कुंडली येते: दिवसा किती गाड्या, रात्री किती, कमाल वेग, रस्ता कुणाचा, क्वाएट झोन आहे की नाही. नोंदी कधीकधी जुन्या असतात, तारीख बघून घ्या. सिटीचं पत्रक एका हातात, हा कागद दुसऱ्या हातात.

चौथा_डबा

फाटकाची कुंडली! पाटीसाहेब, ज्योतिष आलंच शेवटी.

पुणेरी_पाटी

तारीख तपासून मग मानावं, असं त्यांनी लिहिलंय. ज्योतिषी तेवढंही सांगत नाही.

मुक्ता_टेक्सास

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. धाग्यावर गायब होते कारण गृहपाठ करत होते.

निळ्या पाट्या बघून आले. एक पाटी वेलीखाली झाकली होती, काठीने बाजूला करून नंबर वाचला. दोन्ही फाटकांची नोंद काढली. पूर्वेकडच्या फाटकाचा रस्ता सिटीचा. पश्चिमेकडच्या फाटकाचा रस्ता काउंटीचा! सिटीची हद्द आमच्या कॉलनीच्या भिंतीपाशी संपते आणि ते फाटक तिच्या जरासं पलीकडे. दोन्ही ठिकाणी झोनच्या रकान्यात 'नाही'. भोंगा न देण्याची पाटी अजून कुठेच नाही.

मग सिटीला ईमेल केली. मध्यरेषा यांनी सांगितलं तसंच विचारलं: कुठली नोटीस, कुठली तारीख, कुठले फाटक क्रमांक, किती तासांचा. आणि आकडेमोड यांचा प्रश्न जोडला, की तक्त्यातली सरासरी कुठल्या पद्धतीची. उत्तर आलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं आलं. बैठकीत न बोललेल्या एका इंजिनिअर बाईंनी लिहिलं होतं. इराद्याची नोटीस गेलीय, 60 दिवस अजून संपायचेत. स्थापनेची नोटीस नाही. झोन चोवीस तासांचा मागितलाय. त्यात फक्त पूर्वेकडचं फाटक आहे, पश्चिमेचं नाही. तक्ता साध्या चोवीस तासांच्या सरासरीचा होता, रात्रीचे जादा 10 डेसिबल धरलेले नाहीत, आणि आकडे गणिताने काढलेले.

म्हणजे झोन झाल्यावरही आमच्याकडे निम्मे भोंगे राहणार. पत्रकात याचा उल्लेख नाही.

ऱ्हाइनकाठी

बघ! माहिती सगळी होती, फक्त माईक दुसऱ्याच्या हातात होता.

आकडेमोड

निम्मे भोंगे गेले तर सरासरी किती उतरेल? 3 डेसिबल. पुढच्या तक्त्यावर 'आवाजात 3 डेसिबलची घट' दिसेल आणि लोक म्हणतील एवढ्यासाठी एवढा खर्च? रात्री दोनला मात्र चाराऐवजी दोनदाच जाग येणार, तो फरक कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

मध्यरेषा

मुक्ताताई, पश्चिमेचं फाटक झोनमध्ये घालता येतं. दोन संस्थांच्या ताब्यातली फाटकं एका झोनमध्ये घ्यायची तर दोघींनी मिळून करायचं किंवा एकीने दुसरीला लेखी अधिकार द्यायचे. काउंटीने सिटीला अधिकार दिले की सिटी पुढचं करू शकते. पण त्या फाटकावर दिवे आणि दांडे हवेतच, शिवाय धोका किती कमी केला ते दाखवावं लागतं, त्यामुळे दुभाजकाचे पैसे कुणी द्यायचे यावर गाडं अडतं. केंद्राकडून त्यासाठी आपोआप पैसे येत नाहीत. काउंटीच्या आयुक्तांच्या सभेत नागरिकांना बोलायला वेळ मिळतो, तिथे मांडा. सिटीच्या त्या इंजिनिअर बाईंचं उत्तर जोडा, पत्रक जोडू नका.

लोणंदची_लेक

आणि शेजारणीच्या जाहिरातीचं काय झालं?

मुक्ता_टेक्सास

तिला उत्तराची प्रत दिली. तिने 'क्वाएट झोन' काढून 'क्वाएट झोन प्रस्तावित' केलं. तिच्या एजंटचा चेहरा पडला होता, पण केलं.

सिटीला पत्रक दुरुस्त करून पुन्हा वाटायला सांगितलंय. त्यांचं म्हणणं, संकेतस्थळावर दुरुस्त करू, छापील परत वाटणार नाही. त्यावर अजून भांडण चालू आहे. काउंटीची सभा पुढच्या मंगळवारी आहे, बोलायला तीन मिनिटं मिळणार.

भुसावळ_शेड

ताई, तीन मिनिटांत रेल्वेची माणसं वाईट आहेत असं काही म्हणू नका. ऐकणाऱ्यांत एखाद्याचा बाप ड्रायव्हर असतो.

मध्यरेषा

आणि पहिल्याच वाक्यात फाटकाचा क्रमांक सांगा. म्हणजे समोरच्याला कळतं की 'आम्ही बघू' म्हणून ही बाई जाणार नाही.

मुक्ता_टेक्सास

क्रमांक पाठ आहे. सभेनंतर इथेच लिहिते.